मूळचे कुठले?

रात्री साडेअकराला फोन वाजला की छातीत धस्स होतं. पण फोन आमच्या सोसायटीच्या सचिव काकांचा होता. काका सध्या न्यू जर्सीला मुलाकडे होते आणि तिकडे दुपार होती.

"अरे, झोपला नाहीस ना? नातीच्या शाळेचा फॉर्म भरतोय. यात रेस विचारलीय. रेस म्हणजे वंशच ना?"

"हो. काय लिहिलंत?"

"लिहिलं, 'चालू आहे'. तर मुलगा ओरडला."

काकांचं काही चुकलं नव्हतं. मराठीत वंश म्हणजे पुढे चालवायची गोष्ट. त्याला दिवा असतो, तो दिवा मुलग्याच्या हातात द्यायचा असतो आणि मुली झाल्या की शेजारीपाजारी हळहळायचं असतं. शाळेला हे काहीच नको होतं. त्यांनी चौकटी दिल्या होत्या, एकीत खूण करायची होती. काकांनी बरोबर विचार केला. नात अमेरिकेत जन्मलेली, आईबाप इंडियन. 'अमेरिकन इंडियन' अशी चौकट समोर होतीच. काकांनी खूण केली. कोलंबसाने १४९२ मध्ये जो घोळ घातला, तो काकांनी एका दुपारी उलट्या बाजूने पुरा केला. मुलगा पुन्हा ओरडला. म्हणाला, 'एशियन'वर खूण करा.

"एशियन?" काका मला फोनवर म्हणाले. "अरे, आम्ही काय चिनी दिसतो?"

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

एथ्निसिटीचा प्रश्न तर आणखी थोर. तिथे जगातल्या यच्चयावत माणसांसाठी दोनच उत्तरं होती : हिस्पॅनिक आहे, हिस्पॅनिक नाही. काकांनी 'नाही' केलं आणि दुखावले. "म्हणजे आम्हाला एथ्निसिटीच नाही? दिवाळीला तीन हजारांचा कुर्ता घेतला, त्याच्यावर एथनिक वेअर लिहिलं होतं की रे!"

काकांची अडचण समजण्यासारखी आहे. त्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्म, जात, पोटजात, मातृभाषा, राष्ट्रीयत्व असे सगळे रकाने होते आणि एकाही रकान्यासाठी त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. गुरुजींनी आडनाव ऐकलं, वडिलांच्या डोक्यावरच्या टोपीकडे पाहिलं आणि लिहून टाकलं. जन्मतारीखही गुरुजींचीच देणगी : १ जून. आपली ओळख आपल्याकडे ही अशी परस्पर ठरते. साठीनंतर कोणी ती आपल्याला विचारली, तर माणूस बावचळणारच.

भूगोलाचे प्राध्यापक या विषयावर अख्खं सत्र घेतात. सदराला सत्र परवडत नाही, म्हणून थोडक्यात. वंश म्हणजे लोक तुमच्याकडे बघून जे ठरवतात ते. माणसामाणसाच्या शरीरात फरक असतातच. पण त्यातला कोणता मोजायचा आणि रेघ कुठे मारायची, हे शरीर सांगत नाही, बघणारा सांगतो. वांशिकता आजी ठरवते : घरात कोणती भाषा, कोणत्या सणाला काय शिजणार, कोणत्या गावाला 'आपलं' म्हणायचं. आणि राष्ट्रीयत्व ठरवतो खिडकीपलीकडचा कारकून, शिक्का मारून. लोक, आजी आणि कारकून. या तिघांचं एकमेकांशी पटेलच असं नाही, आणि पटलं नाही की फॉर्म भरणाऱ्याचे हाल.

मराठीने तर या घोळात स्वतःची भर घातली आहे. इंग्रजीत 'रेस' आणि 'एथ्निसिटी' हे निदान दोन वेगळे शब्द आहेत. आपण एकाला वंश म्हणतो, दुसऱ्याला वांशिकता. म्हणजे बाप आणि मुलगा एकाच नावाचे. मणिपूरमध्ये २०२३ मध्ये पेटलं, तो पेपरात 'वांशिक हिंसाचार'. अमेरिकेत काळ्या माणसाला पोलिसाने अडवलं, तो 'वांशिक भेदभाव'. पहिल्यात भांडण भाषा, जमीन, डोंगर-खोऱ्याचं आणि कोणाला कोणती सवलत मिळावी याचं. दुसऱ्यात कातडीचं. पेपर उघडणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. तो पान उलटतो.

आता लोक वंश कसा ठरवतात, ते बघा. यासाठी अमेरिकेइतकी करमणूक दुसरीकडे नाही.

१७९० साली तिथे कायदा झाला की परक्या माणसाला नागरिकत्व हवं असेल तर तो स्वतंत्र आणि गोरा पाहिजे. गोरा म्हणजे केवढा गोरा, ते लिहायचं राहून गेलं. आपलं साधं वधू-वर सूचक मंडळ बघा : गोरी, निमगोरी, गव्हाळ, सावळी. पायऱ्या कशा स्वच्छ आखलेल्या असतात. अमेरिकेच्या कायद्यात पायऱ्याच नव्हत्या. मग प्रत्येक न्यायाधीश आपापला चष्मा लावून बघायला लागला. १९१० मध्ये मुंबईचे एक पारशी कापूस-व्यापारी, भिकाजी बलसारा, अपील न्यायालयात गोरे ठरले. काही जण ठरले, काही राहिले.

१९२२ च्या नोव्हेंबरात ताकाओ ओझावा नावाचा जपानी गृहस्थ सर्वोच्च न्यायालयात पोचला. अमेरिकेत वीस वर्षं काढलेली, घरात इंग्रजी. म्हणाला, माझी कातडी बघा, तुमच्यातल्या कित्येकांपेक्षा उजळ आहे. न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड यांनी निकाल दिला की कातडीचा रंग हा काही निकष नव्हे. ज्याला कॉकेशियन म्हणतात, तो गोरा. जपानी कॉकेशियन नाही. चला पुढे.

तीन महिन्यांनी, १९ फेब्रुवारी १९२३ ला, भगतसिंग थिंड यांचा खटला त्याच न्यायालयात निकालाला आला. थिंड पंजाबचे शीख. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या लष्करात, डोक्यावर पगडी तशीच. त्यांच्या बाजूने सांगण्यात आलं की तुमच्याच शास्त्रज्ञांच्या पुस्तकांप्रमाणे आम्ही आर्य, म्हणजे कॉकेशियन, म्हणजे तुमच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या निकालाप्रमाणे गोरे. गणित बिनचूक होतं. न्यायमूर्ती पुन्हा सदरलँडच. या वेळी ते म्हणाले की शास्त्र राहू द्या. कायद्यातले शब्द बोलीतले आहेत, त्यांचा अर्थ सामान्य माणसाला जो समजतो तोच घ्यायचा. आणि सामान्य माणूस या गृहस्थाला गोरा म्हणणार नाही. चला पुढे.

म्हणजे ओझावाला रंग असून शास्त्र नडलं, आणि थिंडना शास्त्र असून रंग. खेळताना धाकट्या भावाला हरवायचं ठरवलं की नियम असेच बदलतात. खुद्द न्यायमूर्ती सदरलँड यांचा जन्म इंग्लंडातला. पण त्यांना कोणी मूळचे कुठले, असं विचारलं नाही.

थिंड यांचे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. (आपल्यातला वाचक इथे थांबणार : पंडित म्हणजे मूळचे कुठले?) हे पंडित स्वतः आधीच अमेरिकन नागरिक झालेले. या निकालानंतर सरकारने हिंदुस्थानी लोकांचं दिलेलं नागरिकत्व परत घ्यायला सुरुवात केली, त्यात पंडितांवरही दावा लावला. अशिलाचा खटला हरलेला हा वकील स्वतःचा खटला मात्र १९२६ मध्ये अपिलात जिंकला. थिंड यांना १९१८ मध्ये मिळालेलं नागरिकत्व चार दिवसांत काढून घेतलं होतं, १९२० मध्ये पुन्हा मिळालेलं या निकालाने गेलं, आणि १९३६ मध्ये माजी सैनिक म्हणून तिसऱ्यांदा मिळालं ते टिकलं. माणूस तोच, कातडी तीच. बदलत होता तो फक्त फॉर्म.

फॉर्म तर बदलतच राहिला. १९२०, १९३० आणि १९४० च्या अमेरिकन जनगणनांत हिंदुस्थानातून आलेल्यांचा वंश होता 'हिंदू'. शीख? हिंदू वंशाचा. मुसलमान? तोही हिंदू वंशाचा. १९७० मध्ये आपण गोरे झालो, कोणतंही क्रीम न लावता. मग लक्षात आलं की अल्पसंख्य म्हणून मिळणाऱ्या सवलती गोऱ्यांना नसतात. भारतीयांच्या संघटनांनी खटपट केली आणि १९८० पासून आपण 'एशियन इंडियन'. गोरेपण स्वखुशीने सोडून देणारा आपल्याइतका व्यवहारी समाज विरळा. आणि तेही लग्नाच्या जाहिरातीत गोरी मुलगी मागणं एक दिवसही न थांबवता.

अमेरिकेतून विमानाने लंडनला उतरा, की 'एशियन' शब्दाचा अर्थच बदलतो. तिथे एशियन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो भारत-पाकिस्तान-बांगलादेशचा माणूस; अमेरिकेत येतो चिनी, जपानी, कोरियन. सात तासांच्या प्रवासात तुमचं काही बदललेलं नसतं, तुमच्याकडे बघणारा बदललेला असतो. ब्राझीलने १९७६ मध्ये चौकटी बाजूला ठेवून लोकांनाच विचारलं की तुमचा रंग तुम्हीच सांगा. सव्वाशेहून जास्त रंग आले. त्यात एक होता : पळणाऱ्या गाढवाचा रंग. त्या पाहणीतला सर्वांत शहाणा माणूस मला तोच वाटतो.

हसू नका. आपल्या अंगणातही मोजपट्टी आली होती. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांचा माणसाच्या नाकावर फार विश्वास. नाकाची रुंदी भागिले उंची, त्यावरून वंश. आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा सिद्धान्त. या हिशेबात मराठी मुलखातले ब्राह्मण आणि कुणबी एकाच खणात पडले : 'सिथो-द्रविड'. म्हणजे मध्य आशियातले शक आणि दक्षिणेतले द्रविड यांचं मिश्रण. शिवाशिव पाळणाऱ्या घरांना एका नाकाने एका पंगतीत बसवलं. पंगत नुसती कागदावर होती, म्हणून कोणी उठून गेलं नाही.

बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्येच मांडलं होतं की जात म्हणजे वंश नव्हे. पंजाबातला ब्राह्मण मद्रासच्या ब्राह्मणापेक्षा पंजाबातल्याच अस्पृश्याला वंशाने जवळचा. पुढे अस्पृश्यतेवरच्या पुस्तकात त्यांनी नाकांची तीच मोजमापं हाती घेऊन वंशाचा सिद्धान्त त्यावरच आपटला.

आणि इरावतीबाई कर्वे. या बाई मूळच्या कुठल्या, सांगा बघू. जन्म ब्रह्मदेशातला, नाव तिथल्या नदीचं, शिक्षण पुण्याचं, डॉक्टरेट बर्लिनची, 'युगान्त' मराठीत. १९२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, तेव्हा त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, ज्यांचं वंशशुद्धीचं शास्त्र पुढे नाझींना फार उपयोगी पडलं. फिशर यांचं अनुमान असं की गोऱ्या युरोपियन माणसाची कवटी दोन बाजूंना सारखी नसते, उजवी बाजू मोठी असते, म्हणून तर्कबुद्धीत तो सरस. बाईंनी हे तपासायचं होतं. पंचविशीच्या आतबाहेरची पुण्याची बाई या कामाला बसली. एक कवटी उचलायची, माप घ्यायचं, लिहायचं, खाली ठेवायची, दुसरी उचलायची. अशा १४९ कवट्या. शेवटी बाईंनी लिहून दिलं की कवटीच्या या वेडेवाकडेपणाचा वंशाशी संबंध दिसत नाही. गुरूच्या संस्थेत, गुरूच्या कवट्या मोजून, गुरूलाच. वंशाच्या नावाने मिशीला पीळ देणाऱ्या प्रत्येकाच्या घरी ही १४९ कवट्यांची गोष्ट चौकटीत लावायला हवी.

परत आल्यावर मात्र बाईंनी महाराष्ट्रभर फिरून इथल्या जातींची डोकी मोजलीच. मोजपट्टी एकदा हातात आली की सहजासहजी सुटत नाही.

लोकांचं झालं. आता आजी. आजीचा हिशेब वेगळा असतो. तिला नाकाशी देणंघेणं नाही, ताटात काय वाढलंय ते ती बघते. मॉरिशसला एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजूर म्हणून गेलेल्या मराठी घरांची आज कितवीतरी पिढी आहे. घरात बोलणं क्रिओलमध्ये, पासपोर्ट मॉरिशसचा, पण विचारलं तर 'मराठी'. भाषा बरीचशी गळून गेली, गणपती राहिला, आणि असा राहिला की त्या देशात गणेश चतुर्थीची सरकारी सुट्टी असते. इकडे आपण भाषा राहूनही मुलांशी इंग्रजीत बोलतो. असो. त्या देशाच्या राज्यघटनेच्या परिशिष्टात समाज चार : हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन, आणि आपल्या राहणीवरून जो या तिघांत बसत नाही तो 'सामान्य जनता'. पहिले दोन धर्म, तिसरं पूर्वजांचं मूळ, चौथं उरलंसुरलं. आपल्याकडे अडगळीच्या खोलीतल्या डब्यांवरसुद्धा याहून नीट चिठ्ठ्या असतात.

बेने इस्रायल लोकांची तर यात पुरती ओढाताण झाली. कोकणात, अलिबागच्या आसपास, तेल गाळणारी ही मंडळी. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनिवार तेली'. आडनावं पेणकर, नवगावकर. बायका साडीत, घरात मराठी. तरी ते स्वतःला म्हणवणार इस्रायलची लेकरं. नकाशावर इस्रायल नावाचा देश नव्हता तेव्हापासून. १९४८ मध्ये देश झाला, हळूहळू बहुतेक मंडळी तिकडे गेली. आणि ज्या नावाने इथे ओळख होती ते नाव तिथे कामाला येईना. तिथे ते झाले 'होदीम', म्हणजे इंडियन. साठच्या दशकाच्या सुरुवातीला धर्मगुरूंच्या मंडळाने फर्मान काढलं की यांच्याशी इतर ज्यूंचं लग्न लावण्याआधी यांचे पूर्वज खरंच ज्यू होते का, ते तपासा. लोक जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले. १९६४ मध्ये तिथल्या संसदेला सांगावं लागलं की ही माणसं सर्व अर्थांनी ज्यू आहेत. कोकणात इस्रायल, इस्रायलमध्ये इंडियन. दोन्हीकडे प्रश्न एकच : मूळचे कुठले?

राहता राहिला कारकून. त्याचं काम सर्वांत कोरडं, पण निकाल त्याचाच चालतो. लिओ वराडकर २०१७ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा आपल्या वर्तमानपत्रांनी परस्पर ठरवलं की मालवणी माणसाने डब्लिन सर केलं. त्यांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, हे खरं. २०१९ च्या डिसेंबरात ते गावी आले, गावाने कौतुक केलं, तेही योग्य. पण जन्म डब्लिनचा, आई आयरिश, मतदार आयरिश. डब्लिनच्या घरी कोणाची आजी जिंकली हे आपल्याला काय माहीत? हाच माणूस निवडणूक हरला असता, तर आपण त्याला आयरिशच राहू दिला असता.

आणि आपल्या सरकारने काढलेलं ओसीआय कार्ड : 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया'. नावात सिटिझन. मतदान? नाही. शेतजमीन विकत? नाही. पासपोर्ट? दुसऱ्या देशाचा. आजीचं आमंत्रण आहे, कारकुनाचा शिक्का नाही. कोल्ड्रिंकच्या बाटलीवर आंब्याचं चित्र असतं, त्यातला प्रकार.

एवढं सगळं मी काकांना फोनवर सांगितलं. पलीकडून जांभई आली. शेवटी काकांनी 'एशियन'वर खूण केली. मी त्यांना एक सांत्वनाची बातमीही दिली : २०२४ च्या मार्चमध्ये अमेरिकन सरकारने ठरवलंय की वंश आणि एथ्निसिटी हे दोन वेगळे प्रश्न आता एकच करायचे. दोन्ही अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, असं फॉर्म इतकी वर्षं बजावत होता, तोच फॉर्म. काका म्हणाले, "वेड्यांचा बाजार आहे. माणसाला माणूस म्हणून बघायला यांना कधी जमणार!" आवाजात खरी कळकळ होती.

गेल्या आठवड्यात काका परत आले. रविवारी मेंटेनन्सचा चेक द्यायला मी सोसायटीच्या ऑफिसात गेलो. काका टेबलामागे बसले होते, समोर नव्या भाडेकरूचा फॉर्म. चौथ्या मजल्यावर ऐझॉलचा एक मुलगा राहायला आलाय, हिंजवडीला नोकरी करतो. फॉर्म काकांनीच तयार केलेला. नाव, मूळ गाव, राष्ट्रीयत्व. मुलाने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ऐझॉल, मिझोरम. भारतीय. आधारची झेरॉक्स जोडलेली होती.

'भारतीय'च्या पुढे काकांनी पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"पासपोर्टची झेरॉक्स मागितलीय," काका म्हणाले.

"आधार आहे ना, काका."

"आहे रे. पण चेहरा बघ की. चिनी वाटतो. मीच म्हणतो असं नाही, कुठल्याही सामान्य माणसाला विचार."

न्यायमूर्ती सदरलँड यांनी १९२३ मध्ये ज्या सामान्य माणसाच्या भरवशावर निकाल दिला, तो कोण असेल, याचं मला बरेच दिवस कुतूहल होतं. सापडला. दर रविवारी दहा ते बारा, सोसायटीच्या ऑफिसात भेटतो.